मामा, किती मारले?

29 मे ला मामांचा सत्कार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा दिवस असतो तो. विट्यात हे कुणाला तरी ठाऊक होतं याचंच मला आधी अप्रूप वाटलं. शाल, श्रीफळ, फेटा आणि ते काचेचं स्मृतिचिन्ह, ज्याच्यावर काहीतरी एक हमखास चुकलेलं असतं. या वेळी आडनाव बरोबर होतं, हुद्दा चुकला. सुभेदारांचे सुभेदार मेजर झाले. मामा म्हणाले, "रिटायर झाल्यावर प्रमोशन. असं नशीब कुणाचं असतंय?"

निवेदक तरुण पोरगा, आवाज खणखणीत. "काँगोच्या निबिड अरण्यात शत्रूला धूळ चारणारा आपल्या मातीतला वाघ!" टाळ्या पडल्या. वाघ फेट्याचा शेमला सारखा करत खाली बघत होता. नंतर चहाच्या टेबलाशी एक कार्यकर्ता जवळ आला आणि जरा आवाज उतरवून म्हणाला, "मामा, खरं सांगा, किती मारले?"

"एक बी न्हाय."

"म्हंजे सांगायचं नसतं का तुमच्यात?"

"आरं बाबा, मारायला न्हवतो गेलो. बघायला गेलतो."

त्याला वाटलं मामा चेष्टा करतायत. हसला आणि पुढच्या पाहुण्याकडं वळला. मी तिथंच ठरवलं की ह्याच्यावर लिहायचं. दोन महिने लागले, कारण मामांकडून काही काढून घेणं म्हणजे आमच्या घाटमाथ्यावर बोअर मारण्यासारखं आहे. चारशे फूट गेलं तरी धूळच.

मामा बेळगावला मराठा सेंटरमध्ये भरती झाले आणि काही वर्षांनी इंटेलिजन्सला गेले. त्यांचं ट्रेनिंग स्कूल पुण्यात आहे, तिथं बरेच दिवस होते. घरात मात्र हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. "मामा काय करतात?" "ऑफिसात असतात." आजी शेवटपर्यंत बायकांना सांगायची की पोरगा मिल्ट्रीत क्लार्क आहे, आणि मामांनी आईचा गैरसमज काही दूर केला नाही. शेजारच्या गावातले एक जण कारगिलला होते, त्यांच्या गोष्टी आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. मामा सुट्टीवर आले की वैरण काढायचे.

2010 साली ते काँगोला गेले. ते तिथं असतानाच शांतिसेनेच्या मोहिमेचं नाव बदललं, मोनुकचं मोनुस्को झालं. मुक्काम गोमा शहरात, किवू तळ्याच्या काठावर. रात्री न्यिरागोंगोचा डोंगर वरून लाल दिसायचा. 2002 साली त्याचा लाव्हा शहरातनं वाहत गेला होता आणि लोकांनी थंड झालेल्या त्याच काळ्या दगडावर परत घरं बांधली होती. मामांना त्या देशाचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं, तर चुकुडूचं. लाकडाची दोन चाकांची गाडी, तिला ना पेडल ना इंजिन. बटाट्याची पोती लादून उतारावरून पोरं सुसाट सोडायची. "आपल्याकडं असतं तर रेणावीचा घाट फुकटात उतारला असता," हे वाक्य मी किमान वीस वेळा ऐकलंय.

पण तिथं करायचे काय? हे मी विचारलं तेव्हा मामांनी मलाच प्रश्न घातला. "तू सोमवारी बाजाराला जातोस. काय बघतोस?"

म्हटलं, भाजी. भाव. गर्दी.

"मी कोण न्हाय आलं ते बघायचो."

मग जरा पाझर फुटला. डोंगरातल्या ठरावीक गावांतल्या बायका ठरावीक वारी खाली बाजाराला यायच्या. कसावा, केळी, कोळसा घेऊन. एस्कॉर्टला गाडीपाशी थांबवायचं, बरोबर फक्त दुभाषा घ्यायचा आणि बाजारातनं सावकाश चालत जायचं. बंदूकवाले पाच जण मागं घेऊन फिरलं तर कोण बोलणार? मिठाचा भाव विचारायचा. कोळशाचा विचारायचा. मीठ एकदम महागलं, तर कुणीतरी पोत्यानं उचललंय, म्हणजे जंगलात बरीच तोंडं वाढलीत. शाळेच्या वेळेला तेरा-चौदा वर्षांची पोरं रस्त्यावर दिसेनाशी झाली, तर कुठल्या तरी टोळीची भरती चालू आहे. आणि एखाद्या गावच्या बायका बाजाराला आल्याच नाहीत, तर त्या रात्री झोपायचं नाही.

हे शिक्षण पुण्यात मिळालं का, असं विचारलं. मामा म्हणाले, निम्मं पुण्यात, निम्मं खरसुंडीत. लहानपणी आजोबा त्यांना सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराला न्यायचे. खिलार खोंडाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, तोंडानं आकडा कुणी बोलत नाही. आजोबा म्हणायचे, रुमालाकडं बघू नकोस, विकणाऱ्याच्या बायकोच्या तोंडाकडं बघ. सौदा तुटतोय का जुळतोय ते तिला आधी कळतं.

एका आठवड्यात तीन गावच्या बायका आल्या नाहीत. मामांनी रिपोर्ट लिहिला. वरच्या साहेबांनी मानला, त्या रस्त्यावर चार रात्री गस्त ठेवली. काय झालं? काहीच नाही. पुढच्या बाजाराला बायका आल्या. हल्ला होणार होता आणि टळला, की कुणी येणारच नव्हतं, हे मामांना आजही माहीत नाही. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कसा करणार? कारगिलवाल्या काकांकडं निदान टेकडीचा नंबर तरी आहे.

"आणि कधी गस्त गेलीच नाही, असं झालं?" मी विचारलं.

"झालं की एकदा," म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून उठले. म्हैस नुकतीच पाणी प्यालेली होती.

त्या रात्री मी मोबाईलवर शोधत बसलो. 30 जुलै ते 2 ऑगस्ट 2010, वालिकाले भागातलं लुवुंगी आणि आसपासची गावं. बंडखोर टोळ्यांनी चार दिवसांत तीनशेहून जास्त लोकांवर बलात्कार केले, बहुतेक बायका, त्यांत लहान पोरीसुद्धा. शांतिसेनेचा तळ तीसेक किलोमीटरवर होता, आणि तो आपल्याच लोकांचा होता, भारतीय. तिथं फोनचं नेटवर्क नव्हतं, गावकऱ्यांशी धड बोलता येत नव्हतं. बातमी पोचायच्या आधी सगळं होऊन गेलेलं. मामा त्या भागात नव्हते. तरी मी त्यांना त्याबद्दल विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पण वाघ म्हणून फेटा बांधून घेताना माणूस खाली का बघत होता, ते मला त्या रात्री थोडं कळलं असं वाटलं.

गंमत बघा, ज्या कामाबद्दल हा सत्कार, त्या कामाचं नाव घ्यायलासुद्धा संयुक्त राष्ट्रं कित्येक वर्षं लाजत होती. 1960 च्या पहिल्या काँगो मोहिमेत असलं काम करणारी शाखा होती, पण तिचं नाव ‘मिलिटरी इन्फर्मेशन’. ‘इंटेलिजन्स’ म्हटलं की हेरगिरीचा वास येतो, आणि आपण तर शांतीसाठी आलोय! शांतिसेनेसाठी त्या शब्दासकट रीतसर धोरण ठरायला 2017 साल उजाडलं. मधल्या पंचावन्न-साठ वर्षांत माहिती न मिळाल्यानं किंवा मिळून न ऐकल्यानं किती माणसं गेली, त्याचा हिशोब कुणी मांडायचा?

न ऐकल्याचं उदाहरण गोम्याच्या शेजारीच आहे. गोमा आणि रवांडातलं गिसेन्यी म्हणजे सांगली-मिरजेपेक्षा जवळ, मधे नुसती सरहद्द. जानेवारी 1994 मध्ये रवांडातल्या शांतिसेनेचा कमांडर होता कॅनडाचा जनरल रोमेओ दालेर. त्याच्या माणसांना हुतू जहालांच्या टोळीतला एक खबऱ्या भेटला. हत्यारं कुठं लपवलीत ते त्यानं सांगितलं, तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांच्या याद्या चालल्यात आणि वीस मिनिटांत हजार माणसं मारायची तयारी आहे हेही सांगितलं. दालेरनं 11 जानेवारीला न्यूयॉर्कला फॅक्स केला, आम्ही छापा टाकतो म्हणून. उत्तर आलं, टाकू नका, तुमच्या अधिकारात बसत नाही, रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घाला. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली. तो फॅक्स आजही वाचायला मिळतो. आपल्याकडं अर्जावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारतात, त्यातलाच प्रकार.

आणि ह्याच रवांडात कॅप्टन एम्बाय दियान्ये होता. मामांनी हे नाव गोम्यात एका सेनेगाली अधिकाऱ्याकडून ऐकलं. मला ते मामांकडून कळलं, आणि खरं सांगतो, ह्या पोस्टचं मूळ तिथं आहे.

दियान्ये सेनेगलचा, वय 36, मिलिटरी ऑब्झर्व्हर. ऑब्झर्व्हरनं बघायचं आणि कळवायचं, एवढंच काम. कमरेला पिस्तूलसुद्धा नाही. 7 एप्रिलला पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना आणि त्यांच्या नवऱ्याला मारलं. त्यांच्या रक्षणाला गेलेल्या दहा बेल्जियन सैनिकांनाही मारलं. पंतप्रधानांची मुलं शेजारच्या संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतीत लपून होती. दियान्येनं त्यांना गाडीत घातलं, लपवलं आणि राजधानी किगालीतल्या हॉटेल मिल कोलिनला पोचवलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, उलट नियमात बसतच नव्हतं. त्यानंतर तो तेच करत राहिला. एका वेळी तीन, चार, पाच माणसं, वर ताडपत्री, आणि परत तोच रस्ता. रस्त्यात नाकीच नाकी, प्रत्येक नाक्यावर कोयते घेतलेली, प्यायलेली पोरं. तो हसायचा, विनोद करायचा, सिगारेट द्यायचा, लागलंच तर पैसे द्यायचा. कुठल्या नाक्यावर कोण असतो, कुणाला काय चालतं, कुणाचा पारा कधी चढतो, हे त्याला पाठ झालं होतं. दालेरला माहीत होतं, पण त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. मधल्या काळात, 21 एप्रिलला, सुरक्षा परिषदेनं आपलं सैन्य अडीच हजारांवरून 270 वर आणायचा ठराव केला. दियान्येच्या फेऱ्या चालूच होत्या.

31 मे ला तो एकटा दालेरसाठी एक निरोप घेऊन निघाला होता. एका नाक्यापाशी मागं तोफगोळा पडला आणि कपची डोक्यात घुसली. जागेवर गेला. दोनेक आठवड्यांत घरी जायचा होता, बायको आणि दोन लहान मुलं वाट बघत होती. प्रेत गुंडाळायला पिशवी नव्हती म्हणून निळी ताडपत्री वापरली. त्यानं किती वाचवले? कुणी म्हणतं काही शेकडा, कुणी म्हणतं हजारापर्यंत. त्यानं यादी ठेवली नव्हती. असल्या कामात यादी सापडली की यादीतली माणसं मरतात.

वीस वर्षांनी, मे 2014 मध्ये, सुरक्षा परिषदेनं त्याच्या नावानं असामान्य धैर्याचं पदक सुरू केलं. पहिलं पदक 2016 साली त्याच्याच घरच्यांना दिलं. 2019 ला ते मलावीच्या चॅन्सी चिटेटे या सैनिकाला मिळालं, तोही गेल्यानंतर. काँगोत बेनीजवळ जखमी टांझानियन सोबत्याला वाचवताना तो मारला गेला होता. ज्या संस्थेनं फॅक्स ऐकला नाही तिनंच पदक काढलं, हे मला आधी ढोंग वाटलं. मामांना तसं वाटत नाही. ते म्हणाले, "उशिरा का हुईना, काय केलं ते बरोबर लिवलं ना? वाघ तर न्हाय म्हटलं?"

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आपल्या लोकांसाठी आहे, न्यूयॉर्कसाठी नाही. सांगली-साताऱ्यानं देशाला ढिगानं फौजी दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावानं 46 जण गमावले. पण आपल्याला सत्काराचा एकच साचा येतो. बंदूक, रक्त, शत्रू, धूळ. त्या साच्यात जो बसत नाही त्याला आपण कापून-ठोकून बसवतो आणि वर टाळ्या वाजवतो. नि:शस्त्र माणूस दारुड्या पोराच्या बंदुकीसमोर उभा राहून त्याला हसवतो, ह्याला आपल्याकडं शब्दच नाही. जिथं सगळे म्हणतात सगळं शांत आहे तिथं एक सुभेदार लिहितो की तीन गावच्या बायका आल्या नाहीत, आणि वेड्यात निघायची तयारी ठेवतो. ह्यालाही नाही.

आणि हे आपल्याकडं व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. विट्याहून खानापूरवरून पुढं गेलं की बाणूरगड. पवनचक्क्या फिरतायत, खाली कोरडा माळ, आणि वर बहिर्जी नाईकांची समाधी. महाराजांच्या हेरखात्याचा प्रमुख आपल्या तालुक्यात झोपलाय. सुरतेची खडान्‌खडा माहिती काढणारा माणूस. 1679 साली जालन्याहून परतताना महाराज मोगलांच्या कचाट्यात सापडले, तेव्हा आडवाटेनं तीन दिवस-रात्र चालवत पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवणारा माणूस. त्याचं चित्र नाही. तो कधी आणि कसा गेला याबद्दल गोष्टी आहेत, कागद नाही. आता त्याच्याही नावानं फ्लेक्स लागतात, आणि फ्लेक्सवर काय असतं? दोन्ही हातांत तलवारी. फकीर होऊन, वासुदेव होऊन फिरणाऱ्या माणसाच्या हातात आपण तलवारी दिल्या, कारण चिपळ्या दिल्या तर लाईक येत नाहीत.

आता कमेंटमध्ये काय येणार ते माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. "डॉलरसाठी जातात." हो, भत्ता चांगला असतो. मामांनी त्यात घरावर मजला चढवला, गावात त्याला ‘काँगोची माडी’ म्हणतात. आमच्या भागातली पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी केरळापासून काश्मीरपर्यंत जातात तेव्हा कुणी नावं ठेवत नाही. "दुसऱ्यांच्या लढाईत आपले कशाला मरायचे?" हा प्रश्न खरा आहे आणि मलाही पडतो. भारताचे शांतिसेनेत आजवर सुमारे 180 जवान गेलेत, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. ह्याचं मला समाधान होईल असं उत्तर मिळालेलं नाही. "शांतिसेनेतले लोक काय धुतल्या तांदळासारखे असतात का?" अजिबात नाही. बायका-पोरींचा गैरफायदा घेतल्याची प्रकरणं शाबीत झालेली आहेत, आणि मामा त्या विषयावर जे शब्द वापरतात ते इथं लिहिता येणार नाहीत.

एक राहिलं. तो दुभाषा. तिथलाच माणूस, आधी शाळामास्तर होता एवढं मला कळलं. मामा सुट्ट्या घेऊन, कोट्या करून, शेवटी मुदत संपवून परत आले. तो तिथंच राहिला, त्याच रस्त्यांवर, त्याच लोकांत, ज्यांच्या भाषेतले शब्द त्यानं मामांना उलगडून दिले होते. खरं धाडस त्याचं, असं मामा म्हणतात. मी म्हटलं, मग त्याचं नाव तरी सांगा, पोस्टमध्ये घालतो. मामा म्हणाले, विसरलो.

मामा काही विसरत नाहीत. 1972 च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी किती रुपयांना बैल विकला ते सांगतात. पण मी परत विचारलं नाही.

जुलैत शाळेनं मामांना बोलावलं. सत्काराचे फोटो बघून बोलावलं असणार. मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं होतं, मुलांना प्रेरणादायी काहीतरी सांगा. मीही गेलो, मागं बसलो. मामांनी फेटा घातला नव्हता, निळी बेरे कॅप खिशात घेऊन गेले होते, ती टेबलावर ठेवली. पोरांनी अपेक्षेप्रमाणं पहिला प्रश्न तोच विचारला, किती मारले. मामा म्हणाले, ते ऱ्हाऊ द्या, आज शाळेला येताना रस्त्यात काय काय बघितलं ते सांगा.

पोरं सुटलीच. ट्रॅक्टर, ऊस, मोर, डीजेची गाडी, एकानं तर अजगर सांगितला. मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आता रोज असतं पण आज नव्हतं, असं काय, ते सांगा.

वर्ग गप्प. कुणी छताकडं बघतंय, कुणी एकमेकांकडं. बराच वेळ गेला. बाई घड्याळ बघायला लागल्या. मग खिडकीकडच्या रांगेतली एक बारकी पोरगी उभी राहिली. पाचवीतली असेल.

"आमच्या वस्तीवरची आक्का रोज दारात बसून तांदूळ निवडती. आज दार बंद हुतं."

मामांनी बेरे उचलून खिशात घातली, बाईंकडं वळून विचारलं, "हिची वस्ती कुठं आली?" आणि आम्ही तिघं, म्हणजे मामा, मी आणि शाळेचे शिपाई, मोटारसायकली काढून तिकडं गेलो.

आक्का तापानं फणफणली होती. दोन दिवस पोटात काही नव्हतं. रिक्षा करून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, संध्याकाळी तिचा पोरगा कराडहून आला. परत येताना मामांनी चहाच्या टपरीवर गाडी थांबवायला लावली आणि त्या पोरीचं नाव काय होतं रं, असं मला विचारलं. मला आठवेना. त्यांनी स्वतःच खिशातनं बसच्या तिकिटाचा तुकडा काढला. त्याच्यावर तिचं नाव, इयत्ता आणि वेळ लिहिलेली होती, 11.20.